परदेशातील वैद्यकीय उच्चशिक्षण : इसार देण्यापूर्वी

आपल्या स्मरणिकेत संत्र्याचे भाव, कापसाची आवक, मंडीचे नियम आणि करांतील बदल यांविषयी दरवर्षी लिहिले जाते, व ते योग्यच आहे. यंदा आम्ही सभासदांचे लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. विषय दुकानाबाहेरचा आहे, परंतु त्यात दुकानाचे भांडवल गुंतत चालले आहे. कित्येक घरांत बगीच्याचा तुकडाही गुंतला आहे, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे घरातील हुशार मुलामुलींच्या उमेदीची तीनचार वर्षे गुंतली आहेत. डॉक्टर झालेल्या मुलांनी पुढील विशेष शिक्षणासाठी, म्हणजे ज्याला आता सर्वजण ‘रेसिडेन्सी’ म्हणतात त्या रुग्णालयीन प्रशिक्षणासाठी, अमेरिकेस अथवा इंग्लंडास जाणे हा तो विषय होय.

पूर्वी पर्युषणाच्या दिवसांत प्रवचन आटोपून मंडळी बाहेर ओट्यावर बसली म्हणजे आंबिया बहार कसा धरला आहे, फळगळ किती झाली, यावर बोलणे चाले. आता त्याच ओट्यावर कोणाच्या मुलाची कोणती परीक्षा झाली आणि त्याला हाडांचा विषय मिळणार की त्वचेचा, याची चर्चा होते. यात वाईट काहीच नाही. मुले शिकली याचा आनंद आम्हांसही आहे. आमची तक्रार एवढीच की, जो व्यापारी उभा बगीचा घेताना झाडे मोजतो, विहिरीचे पाणी पाहतो, जमीन हलकी की भारी हे हातात माती घेऊन ठरवतो आणि मगच इसार देतो, तोच व्यापारी या सौद्यात मात्र माल न पाहता, केवळ चार लोकांच्या बोलण्यावर, पूर्ण रक्कम मोजून मोकळा होतो. हे आम्ही दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. असा सौदा आम्ही स्वतः केलेला आहे, आणि त्याची हकीकत पुढे येईलच.

वैद्यकीय शिक्षणासाठी समुद्र ओलांडणे मराठी माणसाला नवे नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघे एकवीस. त्यांच्या मागोमाग डॉ. गुरुबाई करमरकर त्याच महाविद्यालयातून १८९२ साली पदवीधर झाल्या. योगायोग असा की, परदेशी पदवीधर डॉक्टरांची कागदपत्रे तपासून त्यांना अमेरिकेत प्रशिक्षणास पात्र ठरविणारी जी संस्था १९५६ साली निघाली, तिचे कार्यालयही आज त्याच फिलाडेल्फिया शहरात आहे. आनंदीबाईंच्या काळी एका पत्राने दार उघडले. आज त्या दाराशी जगभरातील हजारो उमेदवार उभे असतात.

१९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला, आणि मुंबई, पुणे, नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांतून तरुण डॉक्टर मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. तेव्हा तेथे डॉक्टरांची टंचाई होती. १९७६ च्या कायद्याने ही वाट पुष्कळ अरुंद केली. इंग्लंडानेही १९७५ साली आपल्या पदव्यांची सरसकट मान्यता काढून परीक्षा लावली आणि २००६ साली बाहेरच्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे नियम असे अचानक बदलले की, तेथे आधीच पोचलेली आपली कित्येक मुले मध्येच अडकली. सांगण्याचा हेतू हा की, ही बाजारपेठ परक्याच्या मर्जीवर चालते. तिची दारे त्यांच्या गरजेने उघडतात आणि त्यांच्या गरजेने मिटतात. आपल्या वडील पिढीतील कोणी १९७० च्या सुमारास सहज गेले म्हणून आज नातू सहज जाईल असे समजणे म्हणजे त्या सालच्या भावाने यंदाचा माल विकण्यासारखे आहे.

मुले जातात याचे कारण केवळ हौस नव्हे. आपल्या भागाचीच गोष्ट घ्या. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच आपल्या प्रांताची राजधानी होती, आणि १९४७ साली तेथे निघालेले वैद्यकीय महाविद्यालय आपलेच होते. राज्यपुनर्रचनेत नागपूर पलीकडे गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि सौंसर-पांढुर्ण्याची मराठी मुले रहिवासाच्या नियमाने भोपाळ, इंदूर, जबलपूर येथील जागांची हक्कदार ठरली. दुखणे आले की आपण नागपूर गाठतो. शिक्षणाच्या राज्य कोट्यासाठी मात्र नागपूर आपल्याला परराज्य आहे. छिंदवाड्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघण्यास २०१९ साल उजाडावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, परंतु जिल्हा झाल्याने विशेषज्ञ आपोआप येत नाहीत. देशभर पदवीच्या जागा एक लाखाच्या वर गेल्या तरी पदव्युत्तर जागा त्या मानाने थोड्या आहेत, आणि हाडे, त्वचा, क्ष-किरण असे मागणीचे विषय शासकीय महाविद्यालयात मिळविणे म्हणजे लाखोंत पहिल्या काही हजारांत येणे होय. काही खासगी महाविद्यालयांत अशा एका जागेचे तीन वर्षांचे शुल्क कोटीच्या घरात जाते. तेव्हा मुलगा म्हणतो की, एवढ्या पैशांत मी अमेरिकेत प्रयत्न करीन आणि तेथे प्रशिक्षण घेताना उलट पगार मिळेल, तर त्याचे म्हणणे वरवर पाहता चुकीचे नाही. तेथे रेसिडेन्सीत वर्षाला साठ-सत्तर हजार डॉलर मिळतात हेही खरे आहे.

आता तो सौदा आतून कसा आहे ते पाहू.

प्रथम तेथील परवाना परीक्षेचे दोन टप्पे आपल्या देशातच बसून द्यावे लागतात. एकेका टप्प्याचे शुल्क हजार डॉलरच्या वर आहे. पूर्वी पहिल्या टप्प्यात गुण मिळत आणि हुशार परदेशी विद्यार्थी त्या गुणांच्या बळावर उठून दिसे. जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्यास केवळ उत्तीर्ण अथवा अनुत्तीर्ण एवढाच शेरा मिळतो, म्हणजे आपल्या मुलांच्या हातातले एक मोठे वजन काढून घेतले गेले. मग इंग्रजीची परीक्षा. मग तेथे जाऊन एखाद्या रुग्णालयात स्वखर्चाने काही महिने काम पाहावयाचे, कारण तेथील डॉक्टरांची शिफारसपत्रे नसतील तर अर्जाला किंमत नाही. अर्ज सप्टेंबरात जातात. रुग्णालये जितकी अधिक तितके शुल्क अधिक, आणि ठरावीक संख्येपुढे प्रत्येक अर्जास ते आणखी चढते. थंडीच्या दिवसांत मुलाखती होतात. नंतर उमेदवार आपल्या पसंतीची क्रमवार यादी देतो, रुग्णालयेही आपली यादी देतात, आणि १९५२ पासून चालत आलेल्या ‘मॅच’ नावाच्या पद्धतीने दोन्ही याद्या यंत्राद्वारे जुळविल्या जातात. येथे घासाघीस नाही, ओळख नाही, मागून येऊन बोली वाढविणे नाही. जी जुळणी निघेल ती दोन्ही पक्षांस बंधनकारक. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, जागा मिळाली की नाही एवढेच कळते. कोठे मिळाली ते शुक्रवारी.

२०२४ सालच्या मॅचमध्ये अमेरिकेतीलच एम. डी. विद्यार्थ्यांपैकी शेकडा ९३ हून अधिकांना जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या परदेशी नागरिकांपैकी, म्हणजे आपल्या मुलांच्या वर्गापैकी, शेकडा सुमारे ५८ जणांना मिळाली. शंभरांत अठ्ठावन्न हे प्रमाण ऐकून कोणी म्हणेल की, हे काही वाईट नाही. परंतु हा सरासरीचा भाव आहे आणि सरासरीवर व्यापार होत नाही हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. विषयवार पाहिले म्हणजे चित्र पार बदलते. सामान्य औषधशास्त्र, ज्याला तेथे इंटर्नल मेडिसिन म्हणतात, त्याच्या दहा हजारांहून अधिक जागा दरवर्षी असतात आणि त्यांत परदेशी पदवीधर हजारांनी घेतले जातात. कुटुंबवैद्यक, बालरोग, विकृतिशास्त्र यांतही वाव आहे. हाडांच्या शस्त्रक्रियेच्या जागा सगळ्या देशात नऊशेच्या आसपास, त्यांत परदेशी शिकलेले परदेशी उमेदवार हाताच्या बोटांवर मोजावेत. मेंदूची शस्त्रक्रिया, त्वचा, प्लास्टिक शस्त्रक्रिया, कान-नाक-घसा या विषयांचीही गत तीच. या विषयांत शिरू पाहणारी मुले एकदोन वर्षे, कधी त्याहून अधिक, एखाद्या प्राध्यापकाकडे अल्प वेतनावर अथवा विनावेतन संशोधनाचे काम करतात, या आशेवर की पुढे आपले नाव यादीत येईल. कित्येकांचे येत नाही. दरम्यान पदवी मिळाल्याचे साल मागे पडत जाते. पदवी जितकी जुनी तितका उमेदवार मागे, हाही तेथील बाजाराचा नियम आहे.

आता आमची हकीकत.

आमचा पुतण्या आपल्या राज्यातील एका शासकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला. शांत स्वभावाचा, रुग्णाशी बोलत बसणारा मुलगा. लहानपणी आमच्या दुकानात आलेल्या शेतकऱ्याला पाणी देऊन त्याचे सगळे ऐकून घेई. परीक्षेचे दोन्ही टप्पे त्याने पहिल्याच प्रयत्नात पार केले. त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे गोटमारीच्या दिवशी, आमच्याकडे नेहमीप्रमाणे पाहुणे आले होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले, एका काठावर पांढुर्णा, एका काठावर आपले सावरगाव, आणि दोन्हींकडून दगड. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, नदीकाठी उपचाराचे तंबू लागतात, आणि ज्यांची हाडे मोडतात अथवा डोक्यास मार लागतो त्यांना नागपूरला न्यावे लागते. त्या दिवशीही एक रुग्णवाहिका आमच्या दारावरून गेली. ती पाहून आम्ही सर्वांसमोर पुतण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, “हा अमेरिकेतून हाडांचा डॉक्टर होऊन येणार. गोटमारीच्या गावाला दुसरा कोणता डॉक्टर हवा?” सगळी मंडळी हसली, वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद दिले. आठ दिवसांत ती गोष्ट सौंसरपर्यंत पोचली.

पुतण्याने हाडांच्या विषयासाठी अर्ज केला. त्याआधी एक वर्ष तो तेथील एका शहरात विनावेतन संशोधनाच्या कामावर राहिला. त्याचे राहणे, जेवण, विमा, अर्ज या सर्वांसाठी आमच्या धाकट्या भावाने संत्र्याचा दोन एकर बगीचा विकला. आम्हीही हातभार लावला, आणि खरे सांगावयाचे तर तो देताना आम्हांस अभिमानच वाटला. शेकडो अर्ज गेले आणि मुलाखत एकाच ठिकाणची आली. मार्चमधल्या त्या सोमवारी घरातील सर्वजण सूर्यास्तापूर्वी जेवून दिवाणखान्यात बसले होते. निकाल आपल्याकडे रात्री लागतो. मृग बहाराचा माल बाजारात होता, दिवसभर दुकानात गर्दी झाली होती, तरी कोणी थकल्याचे म्हणाले नाही. फोन आला, वहिनींनी घेतला, आणि काही न बोलता आमच्या हातात दिला. जागा मिळाली नव्हती.

पुढच्या वर्षी त्याने इंटर्नल मेडिसिनसाठी अर्ज केला. परंतु आदल्या वर्षीची सारी तयारी, सारी शिफारसपत्रे हाडांच्या विषयाची. विचारणारे विचारत की, तुझे मन खरोखर कोणत्या विषयात आहे? त्याही वर्षी जमले नाही. तिसऱ्या वर्षी, तिकडच्या एका मध्यम गावातील रुग्णालयात, मेडिसिनची जागा मिळाली. आम्ही पेढे वाटावयास निघालो तेव्हा फोनवर तो म्हणाला, “काकाजी, एक गोष्ट बोलू का? मला पहिल्यापासून मेडिसिनच करायचे होते.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“तुम्ही गोटमारीच्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात. बाबांनी बगीचा दिला. मग मला नाही म्हणता आले नाही.”

यावर आम्ही काय बोलणार? दोन वर्षे आणि दोन एकर एका वाक्यासाठी गेले, आणि ते वाक्य आमचे होते. भाऊ अद्याप त्याविषयी एक शब्दही काढत नाही. त्याने दोन बोल सुनावले असते तर बरे झाले असते असे कधीकधी वाटते.

तेव्हा विषय कोणता घ्यावयाचा हा प्रश्न घराच्या प्रतिष्ठेचा नसून मुलाच्या कलाचा व जागांच्या संख्येचा आहे, हे आम्ही आता अनुभवाने सांगतो. मेडिसिन घेणे म्हणजे कमीपणा पत्करणे असाही एक समज आपल्यात आहे. वस्तुतः तीन वर्षांच्या मेडिसिननंतर पुन्हा तीन वर्षांचे प्रशिक्षण घेऊन हृदयरोगाचा विशेषज्ञ होता येते. त्यालाही चुरस आहे, पण ती वाट निदान उघडी आहे. आणि ज्या मुलाला खरोखर हाडांचेच वेड असेल, त्याने आपल्याच देशात ती जागा मिळविण्यासाठी एक वर्ष अधिक अभ्यास केला तर बिघडले कोठे? पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती हे आपल्याच समाजातील. त्यांचे नाव ज्या अस्थिशल्यचिकित्सेने झाले आणि जिच्यासाठी त्यांना २०१२ साली पद्मविभूषण मिळाले, ते सारे कार्य पुण्यात उभे राहिले.

जागा मिळाली म्हणजे सर्व पार पडले असेही नाही. पुढे व्हिसा आहे. बहुतेक मुले ज्या जे-१ व्हिसावर जातात, त्यासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते. त्या पत्राचा आशय असा की, या विषयाच्या डॉक्टरांची भारताला गरज आहे आणि हा उमेदवार शिकून परत येण्याची हमी देत आहे. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अटही त्या व्हिसात आहे. ही अट माफ करून घ्यावयाची असेल तर जेथे डॉक्टर मिळत नाहीत अशा तेथील भागात तीन वर्षे काम करावे लागते. त्यासाठी प्रत्येक राज्यास वर्षाला तीस डॉक्टरांची मर्यादा आहे. म्हणजे पाहा, पांढुर्ण्याच्या खेड्यात जाण्यास जो मुलगा राजी नव्हता, तो अमेरिकेच्या खेड्यात तीन वर्षे आनंदाने काढतो. आम्ही त्याला दोष देत नाही. तेथील खेड्यात त्याला रुग्णालय, यंत्रे, परिचारिका तयार मिळतात. २०२५ साली तर ऐन मे-जूनमध्ये सुमारे तीन आठवडे या व्हिसाच्या नव्या मुलाखतीच बंद होत्या, आणि १ जुलैस कामावर रुजू व्हावयाचे असलेली मुले हातात नेमणूकपत्र घेऊन घरी बसली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात एच-१बी या दुसऱ्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्यात आले. कोणते रुग्णालय नव्या मुलासाठी एवढी रक्कम भरील?

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्या निधीसमितीत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. येथे डॉक्टर होऊन विशेष शिक्षणास अमेरिकेत जाणे वेगळे, आणि बारावीनंतर मूळ पदवीच रशिया, जॉर्जिया, चीन अशा देशांत घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारातील मुलांना परत आल्यावर २००२ पासून चालू असलेली चाळणी परीक्षा द्यावी लागते, आणि जून २०२४ मध्ये तीत शंभरांत सुमारे एकवीस जण उत्तीर्ण झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा तेथून हजारो विद्यार्थी अर्धे शिक्षण टाकून परतले, हे सर्वांस स्मरत असेल. त्या वाटेचे धोके निराळे आहेत. त्यावर स्वतंत्र लेख व्हावा. दोहोंसाठी एकच अर्ज आणि एकच नियम असू नये एवढेच येथे म्हणतो.

संघातील काही आदरणीय सभासदांचे मत आहे की, परदेशी जाणाऱ्यास निधीतून एक पैसाही देऊ नये. गावाच्या पैशाने अमेरिकेच्या रुग्णांची सेवा कशासाठी, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे औषधदानास आहारदान, शास्त्रदान व अभयदान यांच्या बरोबरीचे स्थान आहे, आणि दात्यांनी निधीत रक्कम घातली ती त्या भावनेने. परंतु परत येण्याची लेखी अट घालून माणूस परत येतो असा अनुभव नाही. शासनाच्या हमीपत्राला जेथे तीन वर्षांच्या पळवाटा आहेत, तेथे आपल्या अटीची काय कथा? जे परतले ते निराळ्या ओढीने परतले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने अमेरिकेत रुग्णालयीन प्रशिक्षण घेतले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली, आणि १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडसारख्या दुष्काळी गावी काम सुरू केले. खेड्यातील अशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांनी जे उभे केले, त्याची १९७९ च्या मॅगसेसे पुरस्काराने जगाने दखल घेतली. त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. काय करावयाचे ते त्यांच्या मनात आधीच ठरलेले होते.

परतणाऱ्यासाठी आपण येथे काय ठेवले आहे, हेही पाहिले पाहिजे. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथील मान्य पदव्युत्तर पदव्या आपल्या देशात ग्राह्य धरल्या जातात, तेव्हा कायद्याची अडचण मोठी नाही. पण हाडांचा डॉक्टर उद्या सावरगावी आलाच तर त्याला भूल देणारा डॉक्टर हवा, रक्त साठविण्याची सोय हवी, शस्त्रक्रियेनंतर व्यायाम करून घेणारा माणूस हवा. यांपैकी भूलतज्ज्ञ होण्यासाठी आपल्या समाजातील एखाद्या मुलीने अर्ज केला, तर तिचे छायाचित्र याच स्मरणिकेच्या गुणवंतांच्या पानावर किती मोठे छापले जाईल? आणि येथेच राहून, रोज शंभर रुग्ण पाहणाऱ्या साध्या पदवीधर डॉक्टराचा सत्कार आपण शेवटचा कधी केला?

आमच्या सूचना थोडक्या आहेत. कर्जासाठी आलेल्या मुलाची अथवा मुलीची मुलाखत आईवडील आणि काका यांना बाहेर बसवून घ्यावी, विशेषतः काकांना. समितीत निदान दोन डॉक्टर असावेत, आणि त्यांतील एकजण गेल्या दहा वर्षांत तिकडून शिकलेला असावा. जुन्या माहितीवर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. रक्कम एकदम न देता टप्प्यांनी द्यावी. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर काही, मुलाखती आल्यावर काही. उमेदवाराने पहिल्या विषयाबरोबर दुसरा विषयही लिहून द्यावा आणि जागांचे आकडे स्वतः पाहून त्यावर सही करावी. एक वर्ष वाया गेल्यास त्या वर्षाचा खर्च आधीच वेगळा काढून ठेवलेला असावा, म्हणजे बगीचा विकण्याची पाळी येणार नाही. आणि ज्याला जागा मिळाली नाही त्याला दुकानात, मंदिरात, लग्नात पुन्हापुन्हा विचारू नये. तो आधीच रोज स्वतःला विचारीत असतो.

निधीचे नियम बदलण्याचा विषय दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. आमच्या पुतण्याने त्या तीन वर्षांचा खर्च, परीक्षाशुल्कापासून विमानभाड्यापर्यंत, कलमवार लिहून पाठविला आहे आणि तो सभासदांस दाखविण्यास त्याची संमती आहे. तो कागद संघाच्या कार्यालयात ठेवला आहे. ज्यांच्या घरी यंदा मुले अर्ज करणार आहेत त्यांनी येऊन तो पाहावा, आणि शक्य तर मुलांना बरोबर आणावे.